यादीत न धरलेली केस

दोन हजार दहाच्या सुमारास मी उत्तरेतल्या एका मिलिटरी हॉस्पिटलात हवालदार होतो. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देणाऱ्या मेजरसाहेबांच्या हाताखाली माझी ड्यूटी. खानदेशातल्या माझ्या गावी, पिंप्राळ्यात, मला आजही ‘सुई टोचणारा फौजी’ म्हणतात. म्हणोत बापडे.

साहेब तेव्हा दोन कॅमेऱ्यांची तुलना करत होते. भूल दिल्यावर श्वासासाठी घशातून नळी घालतात. तिची वाट दिसावी म्हणून एक कॅमेरा ताठ पात्यावर बसवलेला, दुसरा बारीक, वळणाऱ्या दोरीच्या टोकाला. दोन्हींचं चित्र टीव्हीवर यायचं. कोणत्या पेशंटला कोणता, हे आधीच केलेली यादी ठरवायची. फौजेत यादी म्हणजे ब्रह्मवाक्य.

एके दिवशी सकाळी साडेनऊला शिपाई युवराजला आणलं. चोवीस वर्षांचा, धुळ्याच्या देवपूरचा. पोटात छर्रे. साहेबांनी हिंदीत विचारलं, मानेला, जबड्याला काही त्रास?

"नहीं, साहब."

अफसरापुढे शिपायाला कधीच काही दुखत नसतं. साहेब हात धुवायला गेले, तसा तो मला हळूच आमच्या अहिराणीत म्हणाला, "भाऊ, मनी मान मांगे वाकस नही. ल्हानपनमा पडनू व्हतू." घाबरलाय, म्हणून बोलतोय, असं मला वाटलं. मी त्याचा खांदा थोपटला आणि यादीप्रमाणे ताठ पातं मांडलं.

नऊ पन्नासला भूल दिली. मान मागे जाईना, म्हणून ताठ पात्याला वाट सापडेना. टीव्हीवर नुसती जीभ. दुसरा प्रयत्नही फसला. ऑक्सिजनचा आकडा घसरू लागला.

"सर, मान वाकत नाही त्याची. मला बोलला होता."

साहेबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "लिस्ट छोडो. दूसरा दो."

दुसरा कॅमेरा औषधी पाण्यात बुडवलेला होता. मी तो धुऊन देईपर्यंत साहेब पिशवी दाबून श्वास देत राहिले. नऊ पंचावन्नला नळी बसली.

युवराज त्यातून वाचला. नळी निघाल्यावर तीन दिवस आम्ही अहिराणीत भरपूर गप्पा मारल्या. चौथ्या दिवशी पोटातल्या जखमेचं विष रक्तात भिनलं आणि तो गेला. त्या पाच मिनिटांचा त्याच्या जाण्याशी संबंध नाही, असं साहेबांनी मला समजावलं. मला अजून पटलेलं नाही. मध्येच कॅमेरा बदलला म्हणून ती केस तुलनेतून वगळली.

सुट्टीवर आलो तेव्हा देवपूरला गेलो. त्याच्या वडिलांना, आबांना, सगळं सांगितलं, माझी चूकही. मान वर करायची लाज वाटत होती. आबांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "काय दुखस, ते माले बी नही सांगे तो कधी. तुले तरी सांगं ना त्यानी."