फुललेल्या डोक्याची छिन्नी

ताईने छिन्नी उलटी धरली आणि तिचं घण खाणारं डोकं ग्राइंडरला लावलं.

"अगं, धार तिकडे नसते!" मिस्त्री ओरडले. सगळे फिदीफिदी हसले.

"माहितीये. माझ्या डोळ्यात धार नव्हती गेली. हे गेलं होतं, हे!"

हसू जागच्या जागी बंद.

ताई म्हणजे आमच्या अख्ख्या कारखान्याची ताई. वय पंचविशीचं, तोंड पन्नाशीचं. काम जुन्या पत्र्यांमधले गंजलेले रिव्हेट तोडायचं. एकाने छिन्नी धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. धार सगळे रोज लावायचे, पण घण खाऊन खाऊन छिन्नीचं डोकं फुलतं, कडा फाटून लोंबतात, त्याला हात कोणी लावत नव्हतं. उलट मिरवायचे! जितकं डोकं फुललेलं, तितका कारागीर मुरलेला. असल्याच एका मुरलेल्या छिन्नीची कड उडाली आणि ताईचा डावा डोळा गेला. आता ती परत आली होती. तिला घण हवा होता. मिस्त्री म्हणत होते, झाडू घे.

"एका डोळ्याने अंतर कळत नाही, पोरी. घण चुकला तर धरणाऱ्याचा हात जाईल. कोण धरेल तुझ्यापुढे?"

"तुम्ही."

"मला काय वेड लागलंय?"

"घाबरलात, असं सरळ म्हणा की."

मिस्त्रींना मिरच्या झोंबल्या. त्यांनी तावातावाने आपली लाडकी छिन्नी उचलली.

"ही नाही चालणार," ताई म्हणाली. "आधी हिचं डोकं घासा. सगळ्यांच्या छिन्न्यांची घासा. नाहीतर मी दारात बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हा डोळा दाखवते."

"माझ्या उस्तादांची छिन्नी आहे ही!"

"बरं. उस्तादांचे दोन्ही डोळे शाबूत होते का, तेवढं सांगा."

मिस्त्री ग्राइंडरपाशी गेले आणि स्वतः डोकं घासून गुळगुळीत करून आणलं.

दोघांनी चष्मे चढवले. ताईने रिव्हेटच्या पलीकडे पोतं टांगलं. मिस्त्रींनी छिन्नी धरली, मान फिरवली, डोळे गच्च मिटले. ताईने घण उचलला.

ठण्ण! रिव्हेटचं डोकं तुटून पोत्यात.

मिस्त्रींनी आधी आपली बोटं बघितली. मग गुरगुरले, "बघत काय बसलीस? पुढचा घे."

आम्हाला वाटलं, हात मुळातच तयार आहे तिचा. खरी गोष्ट फार नंतर कळली. डोळ्यावर पट्टी होती तेव्हापासून ताई घरामागे घणाचा सराव करत होती, आणि समोर छिन्नी धरून तिची आई बसायची. दारात सापडला म्हणून आई जो काळानिळा अंगठा सगळ्यांना दाखवत फिरायची, तो दारात कधी सापडलाच नव्हता.