सोमवारचा फोन

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास घरातला फोन वाजला की एक जुनी घटना मला आजही आठवते. मी फोन उचलतो आणि समोरचा माणूस पूर्ण बोलून थांबेपर्यंत खाली ठेवत नाही. विमा विकणाऱ्या मुलींचंही सगळं ऐकून घेतो. बायको हसते. तिला हसू दे.

मोबाइल अजून मोजक्याच लोकांच्या हातात होता, तेव्हाची गोष्ट. शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. हद्दीत एका खासगी कंपनीचं लहानसं धरण होतं. पाणी सोडण्याआधी खालच्या गावांना कळावं म्हणून कंपनीने एक यंत्र बसवलं होतं. ते ठरलेले नंबर आपोआप फिरवायचं आणि टेपवरची बाई सूचना सांगायची. दर सोमवारी दहाला त्याची चाचणी असे. फोन कोणी उचलला नाही तर यंत्र पुन्हा पुन्हा वाजवून जीव खायचं. उचलून लगेच ठेवला तरी त्याचं समाधान होई. नदीकाठच्या एका गावात हा फोन पोलीस पाटलाच्या ओटीवर होता. इशारा आला की पाटलाने देवळातली घंटा बडवायची, असं ठरलेलं होतं.

घटस्थापनेच्या आधी आमच्या भागात घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या नदीवर धुतात. त्या सोमवारी आभाळ कोरडं होतं आणि बाया गुडघाभर पाण्यात उतरल्या होत्या. वरून पाणी आलं. बाकीच्या कशाबशा काठाला लागल्या, दोघी वाहून गेल्या. एक पाटलाची सून, दुसरी तिची शेजारीण. सुनेचं प्रेत दुसऱ्या दिवशी मिळालं. भिजलेली गोधडी माणसाला तळाशी ओढते, पण तिने ती सोडली नव्हती. मूठ उघडायला पंचांना बराच वेळ लागला.

अकस्मात मृत्यूची नोंद करून मी चौकशी सुरू केली. गाव पाटलावर उठलं होतं. घंटा का वाजली नाही? पाटील एकच वाक्य धरून बसला होता.

"फोन आलाच नाय, साहेब."

दहा वर्षांची ओळख. त्याच्या शब्दावर मी किती पंचनामे उरकले असतील. मी सरळ धरणावरच्या ऑपरेटरला ठाण्यात आणून बसवला. त्याच्या रजिस्टरात 'इशारा दिला, सर्व गावांनी स्वीकारला' अशी नोंद होती. मी तिला खोटी ठरवून मोकळा झालो. ओळखीच्या माणसाचं खोटं पोलिसाला सगळ्यात शेवटी दिसतं.

तिसऱ्या दिवशी आमच्या हवालदाराला वाशिंदच्या बाजारात त्या गावची एक म्हातारी भेटली. इकडेतिकडे बघून ती म्हणाली, "फोन वाजला व्हता रे बाबा. मी समोरच्या ओट्यावर तांदूळ पाखडत व्हते, माझ्या कानानं ऐकला. पाटलाला ईचारा."

पाटलाला बोलावून घेतलं. त्या दिवशी मी त्याला खुर्ची दिली नाही.

"पाटील, दोन बाया मेल्या आहेत. फोन कोणी उचलला?"

"सांगितला नव्हं, फोन आलाच नाय."

"पाटीलकी जाईल. वर कोठडीत बसाल."

"जाऊ द्या पाटीलकी."

मग मी नको ते बोललो. "घरच्या सुनेच्या मरणाचीसुद्धा चाड नाही तुम्हाला?"

पाटलाने डोक्यावरची टोपी काढली.

"तिनंच उचलला, साहेब. गोधड्या बांधून निघाली व्हती. म्हनली, मामंजी, बाई आज दुसराच काय बोलते. मीच बोललो, सोमवारचा हाय गो, ठेव खाली, ऊन चढंल." त्याने टोपीने तोंड पुसलं. "गाव बोलंल, हिनं ठेवला म्हनून शेजारीन मेली. मेलेल्या पोरीला शिव्या नको, साहेब. माझा नाव लिवा."

मी पुन्हा धरणावर गेलो. पंचांसमोर कपाट उघडायला लावलं. चाचणीची आणि इशाऱ्याची अशा दोन कॅसेट होत्या. दोन्हींची सुरुवात सारखीच, तीच बाई, तोच नमस्कार, तेच कंपनीचं नाव. दहाव्या सेकंदानंतर मजकूर बदलत होता, पण पाणी सोडणार हे इशाऱ्यात विसाव्या सेकंदानंतर येत होतं. आणि पाणी सोडायला सोमवारचे दहाच का निवडले?

ऑपरेटर खाली बघत म्हणाला, "यंत्र तेव्हा चालूच असतं साहेब. म्हटलं, एका फेरीत दोन्ही कामं होतील."

हयगयीने मृत्यूस कारण झाल्याबद्दल त्याच्यावर आणि मॅनेजरवर गुन्हा दाखल केला. पुढे ऑपरेटरला शिक्षा झाली, मॅनेजर सुटला.

पण कपाटात आणखी एक वस्तू मिळाली होती. यंत्राने छापलेली कागदाची पट्टी. कोणत्या नंबरवर फोन किती सेकंद उचललेला होता, ते तिच्यावर होतं. एकाही गावाने सूचना शेवटपर्यंत ऐकली नव्हती. तीन सेकंद, चार सेकंद, तीन. पाटलाच्या घरी चौदा. सगळ्यात जास्त वेळ ऐकणारी तीच होती.

पट्टीवरचा पहिला नंबर आमच्या ठाण्याचा होता. दोन सेकंद.

ठाणे अंमलदाराला मीच तोंडी सांगून ठेवलं होतं, "सोमवारचा फोन उचलायचा आणि ठेवायचा, उगाच लाइन अडते." त्या दिवशी जीप दारात उभी होती. नदी पाऊण तासावर असती तर मनाची समजूत घातली असती. ती दहा मिनिटांवर होती.

पट्टी आणि माझ्या तोंडी आदेशाचा जबाब मी कागदपत्रांना जोडला. वरून खुलासा मागवला गेला, मला समज दिली गेली, फाइल बंद झाली. तोवर तपासाची सुरुवात मी नेहमी दुसऱ्याच्या दारातून करत आलो होतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आधी ठाण्याची डायरी उघडत गेलो. शिकायला दोन बायांचे जीव लागले, याची लाज अजून आहे.

एक काम उरलं होतं. मी त्या गावात गेलो, देवळापुढे माणसं जमवली आणि पट्टी वाचून दाखवली. सगळ्यांत आधी फोन आम्ही ठेवला, हेही सांगितलं. शेजारणीचा नवरा उठला, पाटलाजवळ जाऊन बसला.

निघताना मी पाटलाला म्हणालो, "आता सुनेला कोणी नावं ठेवणार नाही."

पाटील देवळातल्या घंटेकडे बघत होता.

"ती ऐकत व्हती, साहेब," तो म्हणाला. "तिला ठेवायला मी लावला."