ऐंशी युनिटं कुठे गेली

शकीला तांबोळी यांनी कसबा पेठेतल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून सत्तावीस वर्षं काढली. परीक्षानळ्या धुवायच्या, तारा गुंडाळून ठेवायच्या, मुलांच्या हातून फुटलेल्या भिंगांची यादी करायची. शिकवणं त्यांचं काम नव्हतं. पण प्रयोग न करताच वहीत भरलेले आकडे त्यांना लांबून ओळखू यायचे. "हे रीडिंग मापून आलेलं नाही, शेजारच्या वहीतून आलंय," असं त्या हळूच म्हणायच्या आणि मुलगा मुकाट पुन्हा टेबलापाशी जायचा.

निवृत्तीनंतर वारज्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना करमेना. मुलगी मिसबा आयटीत नोकरीला होती. तिने आईला विजेवरचा ओव्हन आणून दिला आणि शकीलाबाई नानखटाई करून विकू लागल्या. कर्वेनगरच्या दोन वसतिगृहांतून मागणी आली, मग एका दुकानातून. पती कादरभाईंचा जन्म पुस्तकबांधणीत गेलेला. डब्यांवर लेबलं चिकटवायला ते बसले की एकही लेबल केसभर वाकडं जायचं नाही. त्या लेबलावर 'शकीला' असं छापलेलं होतं. आपलं नाव असं छापलेलं त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

मग वीजबिल आलं. एरवी चौऱ्याण्णवच्या आसपास असणारी युनिटं एकदम एकशे अठ्ठ्याण्णव झाली होती. त्यात शंभर ओलांडले की वरच्या प्रत्येक युनिटाचा दर दुपटीच्या घरात जातो, त्यामुळे रक्कम बघून कादरभाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

"तुझा ओव्हनच खातोय बहुतेक," ते जपून म्हणाले.

मिसबानेही तेच सांगितलं. "अम्मी, हीटिंगच्या सगळ्या गोष्टी पॉवर खातातच ना. थोडे दिवस ऑर्डर्स थांबव, मग बघू."

शकीलाबाईंनी ओव्हनवर चादर टाकली आणि दुकानदाराला नाही म्हणून सांगितलं. तो फोन करताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पुढच्या महिन्याच्या बिलात एकशे चौऱ्याहत्तर युनिटं होती.

"बघ, उतरलं की," कादरभाईंना हायसं वाटलं.

शकीलाबाई मात्र बिल धरून उभ्याच होत्या. "चोवीस उतरली. म्हणजे ओव्हनची चोवीस. आपली आधीची चौऱ्याण्णव. मग मधली ऐंशी कोणाची?"

हाच प्रश्न घेऊन त्या सोसायटीचे सेक्रेटरी रंगनाथ देवधर यांच्याकडे गेल्या. देवधरांनी दार अर्धंच उघडलं. "तांबोळीताई, मीटरवर संशय घेण्याआधी घरातल्या फ्रीजकडे बघावं. आम्ही लक्ष घातलं, सोसायटीचं बिल निम्मं झालं. खाली पाटी लावली आहे. वाचली नसल्यास वाचावी."

पाटी त्यांनी वाचली होती. 'सोसायटीच्या वीजबिलात भरीव बचत झाली आहे. सभासदांनी बोध घ्यावा.'

शकीलाबाईंनी दुसऱ्या दिवसापासून प्रयोगाला सुरुवात केली. जिन्याखालच्या खोलीत बारा घरांची मीटरं ओळीने होती. प्रत्येकावर एक बारीक लाल दिवा. वीज जितकी जास्त चालू, तितका तो दिवा भराभर लुकलुकायचा. बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट, असं मीटरवरच लिहिलेलं होतं. दुपारी त्यांनी घरातला मेन स्विच पाडला आणि खाली जाऊन पाहिलं. दिवा एकदाही लुकलुकला नाही. म्हणजे मीटर खोटं बोलत नव्हतं आणि घरातली वायरिंगही धड होती.

कादरभाईंना वाटलं, झालं, संपलं. शकीलाबाईंनी मात्र शाळेतली एक कोरी वही काढली आणि तासातासाला खाली जाऊन आकडे लिहायला लागल्या. गुडघे कुरकुरत होते. वरून खाली येणारे लोक बघून न बघितल्यासारखं करत. "ताई, मीटरला चहा वगैरे देता का?" असं एकाने विचारलंही. त्यांनी उत्तर दिलं नाही. आकडा विसरला असता.

चार दिवसांत वहीत एक गोष्ट दिसू लागली. दिवसभर आकडा सरळ चालीने जाई आणि दोनदा उडी मारी. एकदा पहाटे सहा ते साडेसात, एकदा संध्याकाळी. पहाटे सहाला त्यांच्या घरात चालू काय असायचं? फ्रीज, आणि कादरभाईंच्या डोक्यावरचा पंखा.

पाचव्या दिवशी पावणेसहाला त्यांनी मेन स्विच पाडला, स्टूल घेऊन खाली गेल्या आणि मीटरसमोर बसल्या. दिवा गप्प होता. बरोबर सहाला भिंतीपलीकडे सोसायटीचा पाण्याचा पंप घरघरला, आणि त्यांच्या मीटरवरचा दिवा लुकलुकू लागला. त्यांनी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला त्रेपन्न. त्या उठल्या नाहीत. पंप बंद होईपर्यंत बसून राहिल्या, आणि बंद झाल्याबरोबर दिवाही थांबला तेव्हा त्यांनी वही छातीशी धरली.

तरीही त्या धावत कोणाकडे गेल्या नाहीत. आणखी दोन दिवस तेच करून पाहिलं. मग साईनाथ नावाच्या परवानाधारक वायरमनला पहाटेची वेळ दिली आणि देवधरांनाही खाली बोलावलं.

"पंप पंपाच्या मीटरवर चालतो," देवधर शालीतून म्हणाले. "तुमचं मीटर तुमच्या घराचं मोजतं. यात शोध लावण्यासारखं काय आहे?"

"माझ्या घराचा मेन बंद आहे. कादर वर अंधारात बसलेत. तरी हा दिवा बघा."

देवधरांनी बघितलं. मग चष्मा चढवून जवळून बघितलं.

"साईनाथ, माझ्या मीटरखालचा फ्यूज काढा," शकीलाबाई म्हणाल्या.

साईनाथने फ्यूज ओढला. पंपाची घरघर तुटली. पार्किंगमध्ये इतकी शांतता झाली की टाकीच्या पाइपातून परत उतरणारं पाणी ऐकू आलं. त्याने फ्यूज पुन्हा बसवला, पंप सुरू. पुन्हा काढला, बंद.

दिवाळीच्या सुमारास मीटरखोलीतल्या जुन्या तारा एका ठेकेदाराकडून बदलून घेतल्या होत्या. त्या गडबडीत पंपाची तार तांबोळींच्या मीटरखाली जोडली गेली होती. ओव्हन घरात आला तोही त्याच आठवड्यात. त्यामुळे आळ त्याच्यावर गेला.

देवधरांनी चष्मा उतरवून खिशात ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे आमची बचत तुमच्या खिशातून झाली."

"तुम्हाला तरी कुठे माहीत होतं," शकीलाबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत तार योग्य जागी गेली. जुनी पाटीही गेली. तिच्या जागी देवधरांच्या अक्षरात नवीन आली. 'भरीव बचत ही सेक्रेटरींची चूक होती. ती श्रीमती शकीला तांबोळी यांनी पुराव्यानिशी दाखवली. त्यांची भरपाई देखभाल शुल्कातून वळती केली जाईल.' ती वाचायला कादरभाई दोनदा खाली जाऊन आले.

ओव्हनवरची चादर निघाली. पण शकीलाबाईंचं समाधान होईना. चौऱ्याण्णव आणि चोवीस, एकशे अठरा, शंभराच्या वरच. आता त्या घराच्या मागे लागल्या. फ्रीजच्या दारात कागद धरून दार लावलं, तर कागद अलगद बाहेर आला. दाराचं रबर सैल झालं होतं, ते बदललं. गीझर अर्धा अर्धा तास तापत राहायचा. दहा मिनिटांत दोघांचं पाणी होतं हे मापून पाहिलं. गार ओव्हन तापवण्यातच जास्त वीज जाते हे कळल्यावर आठवड्याच्या सगळ्या ऑर्डरी दोन दिवसांत, एकामागून एक ट्रे लावून भाजायला लागल्या. तीन महिन्यांनी बिल आलं ते ब्याण्णव युनिटांचं. ओव्हन धरून.

"अम्मी, हे तर ओव्हन यायच्या आधीपेक्षा कमी आहे," मिसबा फोनवर म्हणाली, आणि मग जरा थांबून, "सॉरी हं, मीच थांबव म्हटलं होतं."

"तू अंदाज केलास. अंदाज करायला काही हरकत नाही," शकीलाबाई म्हणाल्या. "पण नंतर मापायचं."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या गोदाबाई आपलं बिल पिशवीत घालून आल्या, मग त्यांच्या शेजारच्या, मग चहाबद्दल विचारणारे गृहस्थही आले. वार्षिक सभेत देवधरांनी स्वतः उठून ठराव मांडला, की इमारतीच्या वीजवापराची देखरेख तांबोळीताईंकडे सोपवावी. हात एकदम वर गेले.

शकीलाबाई उभ्या राहिल्या. इतक्या लोकांसमोर त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"करते की," त्या म्हणाल्या. "पण आधी सगळ्यांनी खाली चला आणि आपापल्या मीटरसमोर उभे राहा."

बाराही घरं जिना उतरून मीटरखोलीपाशी जमली. चौघं जण चुकीच्या मीटरसमोर उभे होते. त्यांत देवधरही होते. शकीलाबाईंनी वही उघडली आणि एकेकाला हाताला धरून योग्य जागी नेऊन उभं करायला सुरुवात केली.