कच्च्या टाक्यांची वेबसाइट

सुनेने दुकानाची वेबसाइट बनवून दिली आणि टेलरकाकूंना शिकवलं की इथे लिहायचं, इथे फोटो टाकायचा, ड्राफ्ट सेव्ह करायचा आणि शेवटी हे निळं पब्लिशचं बटण दाबायचं.

काकू इरेला पेटल्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मशीनवर झाकण टाकून लॅपटॉप उघडायच्या. एका बोटाने टाइप करत त्यांनी कोटांवर लिहिलं, फ्रॉकांवर लिहिलं, ढगळ पँट मापात आणून देण्यावर तर तावातावाने लिहिलं. महिना उलटला तरी एक फोन नाही.

"तुझ्या वेबसाइटकडे कुत्रंही फिरकत नाही," त्या सुनेवर डाफरल्या.

सुनेने लॅपटॉप ओढून घेतला आणि कपाळावर हात मारला. "अहो आई, सगळं ड्राफ्टमध्येच पडलंय. पब्लिश का नाही केलंत?"

"कच्चे टाके घालून ठेवलेत. गिऱ्हाइकाने घालून बघितल्याशिवाय मी कधी पक्की शिलाई मारते का?"

"पण ड्राफ्ट तुमच्याशिवाय कुणाला दिसतच नाही," सून हसू दाबत म्हणाली. "आणि पब्लिश केल्यावरही हवं तेव्हा बदलता येतं."

काकू थबकल्या. "म्हणजे कात्री चालवल्यावरही कापड पुन्हा अखंड होतं?"

"होतं."

"मग हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं तुला?" असं म्हणत त्यांनी निळं बटण इतक्या जोरात दाबलं की टेबल हललं.

संध्याकाळी सुनेने वेबसाइट उघडली, तर सगळ्यात वर ठळक अक्षरांत काकूंची नवी ओळ होती: 'काही चुकलं असेल तर सांगा, लगेच उसवते.'