कणगीतलं दप्तर

कागद फाडणं आणि गळा कापणं यांत काडीचाही फरक न मानणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला : आमच्या सौभाग्यवतींचे मामा. आधी त्यांनी लष्करात विमानं उडवली, मग एक चित्रपट काढला, आणि तो सपशेल आपटल्यावर पोलादपुराजवळ कापड्याला येऊन भात लावू लागले. चित्रपटाची एकुलती एक प्रत इथल्या ओलीने खाल्ली. तेव्हापासून उरलेले कागद ते पोटच्या पोरांसारखे जपत. भाताची मोठी कणगी रिकामी करून, तळाशी निर्गुडीचा पाला घालून त्यांनी सारं दप्तर तिच्यात भरलं. मामी चार दिवस बोलल्या नाहीत.

कागद लावायची पद्धतही खास. "तारखा कोण लक्षात ठेवतो, जावईबापू?" म्हणत त्यांनी भातशेतीच्या कामांच्या क्रमाने सुरुवातीचे कागद 'राब', ऐन उमेदीतले 'लावणी' आणि सगळं आटोपल्यावरचे 'झोडणी' अशी पुडकी बांधली. या कणगीत कसर लागत नाही म्हटल्यावर गावानेही आपापले कागद आणून दिले. मामांना नाही म्हणणं कुठलं जमायला! ते कागदही राब-लावणी बघून त्याच पुडक्यांत गेले.

मुंबईच्या एका संग्रहालयाचे गृहस्थ जीप घेऊन हे दप्तर न्यायला आले, तेव्हा घोटाळा उघडा पडला. त्यांनी मोठ्या आदराने 'लावणी' सोडली. वर उड्डाणांची नोंदवही, खाली पटकथा, आणि मध्ये एक पत्र : "आये, म्हस व्याली काय?"

"फक्त तुमचे कागद आजच्या आज वेगळे करा," गृहस्थ म्हणाले, "नाहीतर काहीच नेता येणार नाही."

मामांचा चेहरा पडला. आणखी किती पावसाळे ते कागद तग धरणार होते? त्यांनी गाव गोळा केला. अंगणात ही गर्दी! शेजारच्या आजीला अक्षरओळख नाही, पण ती ठामपणे म्हणाली, "हळदीचा डाग हाय ना, तो माझ्या बाबूचा. दुसरा नाय माझा." दिवस कलेपर्यंत ज्याचे त्याला मिळाले आणि मामांचं अख्खं आयुष्य दोन पेट्यांत बसून निघून गेलं.

जीप वळणाआड गेली तरी मामा तिथेच उभे. एकदम दचकून म्हणाले, "अहो, पावती घ्यायची राहिली!"

"महाडला गाठतो त्यांना," मी चपला शोधू लागलो.

मामांनी माझा हात धरला.

"राहू द्या, जावईबापू. एवढ्या मोठ्या रिकाम्या कणगीत त्या एकट्या पावतीला करमायचं नाही."