पाच काचपट्ट्या

बी.एस्सी.च्या सुट्टीत मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी आरोग्य खात्याचं प्रशिक्षण होतं. मला शिरोळकडच्या एका हिवताप कर्मचाऱ्याबरोबर फिरायला लावलं. प्रत्येक घराच्या भिंतीवर ते पेन्सिलीनं तारीख टाकत. काचपट्टीवर रक्त घ्यायला पोराचं बोट टोचताना म्हणत, "मुंगी चावली बघ!" हात फार हलका. मला ते 'पावणं' म्हणत. नाव कधी घेतलं नाही.

मांगवाड्याच्या वाटेवर मात्र ते थांबले. एक बाई धावत आली. "सासूला चार दिस झालं ताप हाय. आत चला की."

"नाव सांग, बास," असं म्हणून त्यांनी तिला परत पाठवलं. मग स्वतःचं बोट टोचून त्या सासूसह वस्तीतल्या पाच नावांच्या काचपट्ट्या भरल्या.

"रगात समद्यांचं सारखंच की, पावणं," ते हसले.

मी तसल्याच वस्तीतला. पण माझ्या प्रशिक्षणाच्या दाखल्यावर सही त्यांची लागणार होती. स्वतः आत जायला मी सुई मागितली नाही.

पुढचं औषध तपासणीवर ठरायचं. पाचही जणांना हिवताप नसल्याचा अहवाल आला. त्याच आठवड्यात ती सासू गेली.

दाखल्यावर त्यांनी लिहिलं, 'मुलगा शांत आहे. सांगितलेलं ऐकतो.'