मोतीरामअण्णांचं मुहूर्ताचं काम

पाथर्डी फाट्याच्या त्या कॉलनीत कुणाचाही कॉम्प्युटर कण्हला की हाक बुद्धभूषणला जाते. दिवसभर कॉलेजची लॅब सांभाळून तो घरी येतो, तर जिन्यात कुणीतरी लॅपटॉप पोटाशी धरून उभं. फी म्हणून चहा, तोही पाकासारखा गोड.

त्या रविवारी फोन मोतीरामअण्णांचा होता. सिन्नरच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवून रिटायर झालेले अण्णा भाच्याच्या, रोहितच्या नादाने क्रिप्टोत शिरले होते, आणि आता त्या पैशांचं ऑनलाइन वॉलेट कुणीतरी साफ केलं होतं. भूषणने बजावलं, पोलिसांना पुरावा लागेल, मी येईपर्यंत कशाला हात लावू नका.

तो पोचला तेव्हा अण्णा मन लावून फायली पुसत होते. नावात आकडे दिसले की फाईल संशयित. डिलीट केलेल्यांच्या ढिगात प्रिंटरचा प्रोग्राम होता, लेकीच्या लग्नाचे फोटोही होते. भूषणने दात ओठ खात एकेक परत जागेवर नेली. त्यात कीबोर्डवरचं चारचं बटण कुंकवाने चिकटलेलं.

अण्णांचा निकाल मात्र तयार होता. वॉलेट रोहितने उघडून दिलं, म्हणजे चोर रोहितच. सकाळीच फोनवर त्याला नको ते बोलून झालं होतं, आणि पोलिसांच्या अर्जात त्याचं नावही लिहून झालं होतं. लताकाकू पोळ्या लाटता लाटता सांगून थकल्या, की नणंदेचा एकुलता एक पोर आहे, त्याला चौकीत उभं करू नका.

दोन तासांनी घात करणारी फाईल सापडली. मेलमधून आलेली, 'वॉलेट सुरक्षा अपडेट'. उघडली होती खंडेनवमीला, सकाळी अकरा वीसला.

"रोहित त्या दिवशी इथंच होता," अण्णा म्हणाले.

काकू लाटणं घेऊनच बाहेर आल्या आणि मोबाईल भूषणपुढे धरला. नणंदेला पाठवायला त्यांनी पूजेचा व्हिडिओ काढला होता. वेळ तीच. कॉम्प्युटरला झेंडूचा हार, दारात नारळ फोडणारा रोहित, आणि खुर्चीत अण्णा, डायरीत बघून दोन बोटांनी एकेक शब्द टाइप करणारे.

"अण्णा, ते वॉलेटचे बारा गुप्त शब्द आहेत ना? ते ज्याच्या हाती, पैसे त्याचे."

"पूजा झाली की मशीन थोडं चालवायचं असतं," अण्णा सावकाश म्हणाले. "लेथ आम्ही कधी नुसती नाही ठेवली. ते शब्द भरा म्हणून मेल आलाच होता, म्हटलं मुहूर्ताला तेवढं काम उरकू."

"कुणालाही द्यायचे नाहीत म्हणून मी तीनदा सांगितलं होतं."

"कुठं दिले? हिलासुद्धा सांगितले नाहीत."

भूषणने डोळे मिटले आणि नवा अर्ज लिहायला घेतला. रोहितच्या नावाच्या जागी 'अज्ञात इसम' आलं. अण्णांनी तो दोनदा वाचला, खाली सही केली आणि फोन घेऊन गॅलरीत गेले. माफी हा शब्द त्यांच्या लेथवर कधी निघालाच नव्हता.

"जेवायला ये," ते रोहितला म्हणाले. "आणि सकाळचं माझं बोलणं पुसून टाक."

"आज कुणी काही पुसायचं नाही," आतून भूषण म्हणाला.